डॉक्टरांच्या वस्तीतली शुक्रवारची रात्र

हा मुखवटा पहिल्या रांगेपासून मागे फिरवत न्या. घालून बघितलात तरी हरकत नाही, फक्त मागची नाडी पूर्ण ओढून काढू नका, परत ओवायला फार वेळ लागतो. हातात आला की आधी मागची बाजू बघा. दोन्ही कडांना भोकं आहेत, त्यांतून नाडी आडवीतिरपी गेली आहे, आणि नाडीच्या खाली कापडाची एक जीभ आहे, केस अडकू नयेत म्हणून. असं तुम्ही आणखी कुठे बघितलंय? पायात. बुटाला असतं तेच हे. मेक्सिकोतल्या कुस्तीचा मुखवटा शिवायला पहिल्यांदा जो माणूस बसला, तो बूट शिवणारा कारागीर होता.

1934 सालची गोष्ट. आन्तोनियो मार्तीनेस हे लेओन गावचे, आणि लेओन म्हणजे मेक्सिकोतलं चामड्याचं गाव. ते राजधानीत येऊन कुस्तीगिरांसाठी बूट करायचे. सायक्लोन मॅके नावाचा एक अमेरिकन मल्ल त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, मला सगळं डोकं झाकेल असं काहीतरी करून द्या. मार्तीनेसांना तोवर पायाचं माप ठाऊक होतं. त्यांनी त्याच हातानं डोक्याचं माप घेतलं. पुढे या घराण्यानं शेकडो मल्लांचे चेहरे शिवले. आज तुमच्या हातात फिरतोय तो साधा, अरेनाच्या, म्हणजे कुस्तीच्या बंदिस्त मैदानाच्या, बाहेरच्या टपरीवरून घेतलेला आहे. पण नाडी तीच, जीभ तीच.

पत्रिकेवर आजचा विषय 'मेक्सिकोची कुस्ती आणि खाद्यपरंपरा' असा छापलाय. माझ्यासाठी ते दोन विषय कधीच नव्हते. जत्रेहून आलेल्या माणसाला म्हटलं, कुस्त्यांचं वेगळं सांग आणि जेवणाचं वेगळं सांग, तर त्याला ते जमेल का? मी मेक्सिको सिटीत नोकरीनिमित्त चार वर्षं राहिले. त्या चार वर्षांतला जवळजवळ प्रत्येक शुक्रवार एकाच वाटेनं गेला: आधी पुल्के, मग टाको, मग कुस्ती आणि मध्यरात्री कोमालवरचं, म्हणजे तव्यावरचं, गरम काहीतरी. त्या वाटेनंच तुम्हाला नेते.

निघण्याआधी एक सांगायला हवं. मी कोल्हापूरकडची. आजोबा तालमीत वाढलेले. घरात थंडाई घोटली जायची, कानाची पाळी मोडलेली माणसं ओसरीवर बसलेली असायची. डाव मला तोंडपाठ होते. पण जत्रेच्या मैदानात बायका जात नसत. हलगी ऐकू यायची, लोकांचा गलका ऐकू यायचा, आणि कोण जिंकलं ते पुरुष घरी परतले की कळायचं. वयाच्या छत्तिसाव्या वर्षापर्यंत मी कुस्ती फक्त ऐकली होती. जवळून, घाम दिसेल इतक्या अंतरावरून, पहिली कुस्ती मी बघितली ती परदेशात.

तर शुक्रवार, संध्याकाळचे सहा. ऑफिसातून मेट्रोनं यायचं. मेट्रोच्या जिन्यात एक बाई टोपली घेऊन बसलेली असायची, टोपलीत पारदर्शक कागदात गुंडाळलेल्या चौकोनी वड्या. पहिल्या दिवशी मी थबकलेच. राजगिऱ्याची वडी! लाह्या, गूळसर पाक, वरून शेंगदाणे. तिकडे त्या वडीला 'आलेग्रीया' म्हणतात, म्हणजे आनंद. आपण एकादशीला जो राजगिरा खातो, त्याचं मूळ अमेरिका खंडातलं आहे. मेक्सिकोत आस्तेक लोक राजगिऱ्याच्या पिठात मधासारखा पाक घालून देवाच्या मूर्ती घडवत आणि पूजेनंतर त्या मूर्तीचे तुकडे वाटून खात. जिंकून आलेल्या स्पॅनिश पाद्र्यांना त्यात आपल्या प्रसादाची नक्कल दिसली, आणि हे धान्य मागे पडत गेलं. आपल्याकडे तेच धान्य उपवासाचं ठरलं. मी ती वडी पर्समध्ये टाकायचे आणि पुढे निघायचे.

पहिला थांबा पुल्केरियाचा, म्हणजे पुल्के नावाची दारू मिळते त्या गुत्त्याचा. आपल्याकडे बांधाला घायपात लावतात ना, जाड, काटेरी, करवतीसारख्या पानांची? त्याच कुळातलं तिथलं झाड म्हणजे मागेय. ते वाढायला आठ-दहा वर्षं लागतात. फुलाचा दांडा वर यायच्या बेतात असताना त्याचा गाभा कोरून वाटीसारखा खड्डा करतात आणि आतून रस पाझरायला लागतो. दिवसातून दोनदा माणूस येतो, वाळलेल्या लांब भोपळ्याचं एक टोक रसात आणि दुसरं तोंडाला लावून तो रस ओढून घेतो आणि भांड्यात सोडतो. ताजा असतो तोवर तो रस गोड, आपल्या निरेसारखा. आंबला की पुल्के. ताडीसारखाच त्याला दम नसतो, एक-दोन दिवसांत उतरतो, म्हणून तो बाटलीत भरून लांब नेता येत नाही. विसाव्या शतकात बिअरनं पुल्केला मागे ढकललं, त्यात याचाही वाटा आहे. रंग दुधाळ, पोत किंचित तारेचा. पहिला घोट अवघड जातो. मला पेरू घातलेला आवडायचा. कुटलेला पेरू, थोडी साखर, आणि त्यात आंबलेला रस.

1980च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्या शहरातल्या कान्तिनांमध्ये, म्हणजे गुत्त्यांमध्ये, बायकांना प्रवेश नव्हता. मी तिथे बसून पेला समोर ठेवायचे तेव्हा हे रोज मनात यायचं. हा धागा पुढे लागणार आहे.

दुसरा थांबा टाकोचा, आणि तो उभ्याउभ्या. मांस भाजायची उभी सळई असते, मांस रचल्यावर वर रुंद, खाली निमुळती दिसते, आणि तिला म्हणतात 'त्रोंपो'. त्रोंपो म्हणजे भोवरा. डुकराच्या मांसाचे पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले, लाल मसाल्यात मुरवलेले, सळई फिरते आहे आणि बाजूची आच त्यांना बाहेरून भाजते आहे. लाल रंग येतो वाळलेल्या मिरचीनं आणि आच्योतेनं. आच्योते म्हणजे आपली शेंदरी, तीच बी. भोवऱ्याच्या माथ्यावर अननस खोचलेला. कारागीर डाव्या हातात दोन लहान तोर्तिया, म्हणजे मक्याच्या पातळ भाकऱ्या, घेतो, उजव्या हातातल्या लांब सुरीनं मांसाचे तीन-चार काप सरसर उतरवतो, आणि त्याच झटक्यात सुरीचं टोक वरच्या अननसाला लावतो. अननसाची चकती हवेतून येते आणि बरोबर हातातल्या टाकोवर पडते. तो बघतही नाही. मी चार वर्षांत एकदाही ती चकती खाली पडलेली बघितली नाही. वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. किती खाल्ले ते शेवटी तुम्हीच सांगायचं, तो मोजत नाही. पहिल्यांदा मी सांगितलं 'पाच', त्यानं पाचाचे पैसे घेतले आणि दुसऱ्याकडे वळला. मला तो विश्वास फार भावला.

आता हा टाको अल पास्तोर, जो खाल्ल्याशिवाय मेक्सिको सिटीहून परत आलात तर लोक तुम्हाला वेड्यात काढतील, तो आला कुठून? लेबनॉनहून. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत तिकडून माणसं पोटासाठी मेक्सिकोला आली, प्वेब्ला शहरात स्थिरावली, आणि त्यांनी त्यांच्या पद्धतीनं उभ्या सळईवर मांस भाजायला सुरुवात केली. जाडसर अरबी रोटीत गुंडाळून द्यायचे. मग रोटीच्या जागी मक्याची तोर्तिया आली, मेंढीच्या जागी डुक्कर आलं, मसाल्यात तिथली मिरची आणि शेंदरी आली, आणि राजधानीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर भोवरे फिरू लागले. 'पास्तोर' म्हणजे मेंढपाळ. मेंढी गेली, तिचं नाव तेवढं राहिलं.

मला आज जे काही पटवून द्यायचंय ते इथेच आहे. आपण 'अस्सल' शब्द फार सैल हातानं वापरतो. मूळ इथलंच हवं, बाहेरचा वारा लागलेला नको, असं काहीतरी त्यात गृहीत असतं. पण त्या शुक्रवारच्या रात्रीत जे सगळ्यात मेक्सिकन होतं त्यातलं अर्धं बाहेरून आलेलं होतं. ते तिथलं झालं कारण तिथल्या कष्टकरी माणसांनी ते हातात घेतलं, रोज वापरलं, आपल्या मापानं पुन्हा शिवलं. मिरची आपली नाही असं मी कोल्हापुरात म्हणून बघावं का? ती त्याच मुलखातून पोर्तुगिजांच्या जहाजातून आली. दसऱ्याचा झेंडूही तिथलाच. मेक्सिकोत नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांच्या वाटेवर त्याच्या पाकळ्या पसरतात.

कुस्तीचंही अगदी असंच आहे.

अरेना मेक्सिको ज्या वस्तीत आहे तिचं नाव 'कोलोनिया डोक्टोरेस', डॉक्टरांची वस्ती, कारण तिथल्या रस्त्यांना वैद्यांची नावं दिलेली आहेत. अरेना डॉक्टर लाविस्ता रस्त्यावर. वस्ती कामकऱ्यांची: सुट्या भागांची दुकानं, गॅरेजं. शुक्रवारी संध्याकाळी तो रस्ता मुखवट्यांनी भरून जातो. दोरीवर लटकवलेले निळे, सोनेरी, काळे चेहरे, लहान मुलांच्या मापाचेसुद्धा. मधूनमधून उकडलेल्या मक्याची पातेली: कणसाचे दाणे एपासोतेच्या पाल्यात उकडलेले, पेल्यात भरून, वर लिंबू, तिखट, किसलेलं चीज. पोट भरलेलं असलं तरी तो वास पाय अडकवतो.

साल्वादोर लुत्तेरोथ हा कर खात्यातला माणूस. नोकरीसाठी सरहद्दीवर असताना पलीकडे अमेरिकेच्या टेक्सास राज्यातल्या एल पासो शहरात 1929 साली त्यानं व्यावसायिक कुस्ती बघितली आणि ती त्याच्या डोक्यात बसली. 21 सप्टेंबर 1933 रोजी त्यानं मेक्सिको सिटीत पहिला मोठा कार्यक्रम लावला. 1943 साली रेपूब्लिका दे पेरू रस्त्यावर अरेना कोलिसेओ उभं राहिलं, आणि 1956 साली हे मोठं अरेना मेक्सिको, सोळा हजारांवर माणसं बसतील असं. सुरुवातीला परदेशी मल्लांचा भरणा होता. त्यांच्यातल्याच एकानं मुखवटा मागितला, लेओनच्या कारागिरानं तो शिवला, आणि पुढे या गोष्टीचा आत्माच बदलला. 2018 साली शहरानं 'लुचा लिब्रे'ला, म्हणजे या कुस्तीला, अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर केलं. तिथल्या पारंपरिक स्वयंपाकाला युनेस्कोनं 2010 सालीच तसं मानलं होतं. सरकारी शिक्का उशिरा बसतो, लोकांनी तो कधीच मारलेला असतो.

आत गेल्यावर पहिलं लक्षात येतं ते म्हणजे दोन गट. 'तेक्निको' आणि 'रूदो'. तेक्निको नियमानं खेळणारे, हवेतून झेप घेणारे, देखणे. रूदो आडदांड, पंचाची पाठ फिरली की मुखवट्याची नाडी ओढणारे. तुम्हाला वाटेल सगळे तेक्निकोंच्या बाजूनं असतील. मुळीच नाही. आठवडाभर साहेबाचं ऐकून घेतलेला माणूस शुक्रवारी रूदोंच्या बाजूनं गळा फाडून ओरडतो. कुस्ती तीन फेऱ्यांची, ज्यानं दोन घेतल्या तो जिंकला, वेळेची मर्यादा नाही. बहुतेक वेळा तीन विरुद्ध तीन, आणि एक जण रिंगच्या बाहेर पडला की त्याच्या साथीदाराला हाताला हात न लावता आत यायची मुभा. त्यामुळे खेळ थांबतच नाही. दोरांच्या मधून डोकं पुढे करून सरळ बाहेरच्या माणसावर झेपावतात त्या डावाला 'तोपे सुइसिदा' म्हणतात. खाली माती नाही. आमच्या आखाड्यात तेल, ताक, हळद घालून मळलेली मऊ लाल माती असते. इथे जमीन टणक. पहिल्यांदा तो आवाज ऐकला तेव्हा माझ्या हातातला शेंगदाण्यांचा पुडा खाली पडला.

कोल्हापुरात मी हे सांगायला लागले की पहिला प्रश्न ठरलेला: म्हणजे नुरा कुस्ती की काय? मी या शब्दावर थांबते, कारण आजोबांसाठी 'नुरा' ही शिवी होती. नुरा म्हणजे आधी ठरवून लढायची आणि लोकांना खरी म्हणून विकायची. त्यात फसवणूक आहे. अरेना मेक्सिकोत कुणी फसत नाही. निकाल आतून ठरतो हे पहिल्या रांगेतल्या आजीलाही ठाऊक असतं. कोकणात दशावतार बघताना राजा कालपर्यंत कुणाच्या शेतावर होता हे सगळ्या गावाला माहीत असतं, तरी तो रडला की गाव रडतं. मात्र एक फरक आहे. निकाल ठरलेला असला तरी उडी खरी असते आणि मान खरी असते. 2015 साली तिहुआनात रिंगमध्ये झालेल्या दुखापतीनं पेरो आग्वायो ज्युनियर हा मोठा मल्ल गेला. त्याचे वडीलही याच पेशातले. त्यानंतर 'हे खोटं आहे का' असं मला कुणी विचारलं की मी त्याचं नाव सांगते.

आता मुखवट्याकडे. कुठवर पोचलाय? चौथ्या रांगेत? बरं.

समोरच्याचा मुखवटा ओढून काढला तर काढणारा बाद होतो, एवढा तो पवित्र. पण मल्ल तो स्वतःहून पणाला लावू शकतो. मुखवट्याविरुद्ध मुखवटा, किंवा मुखवट्याविरुद्ध केस. हरणाऱ्यानं रिंगमध्ये उभं राहून नाडी सोडायची, चेहरा दाखवायचा, आणि आपलं खरं नाव, गाव, किती वर्षं या पेशात आहोत ते सगळ्यांसमोर सांगायचं. दुसऱ्या दिवशी ते छापून येतं. मी अशी एक कुस्ती बघितली. पन्नाशीकडे झुकलेला माणूस होता. मुखवटा उतरला तेव्हा कपाळावर नाडीचा वळ उमटलेला दिसत होता आणि आत कधी ऊन न लागलेला फिकट चेहरा होता. त्यानं नाव सांगितलं, गाव सांगितलं. आणि इतका वेळ त्याला शिव्या घालणारे लोक उठून उभे राहिले, आणि नाणी, नोटा रिंगमध्ये पडायला लागल्या. चांगल्या कुस्तीला पैसे टाकायची ही तिथली जुनी रीत. आमच्याकडे मैदानात उतरून पैलवानाच्या हातात नोटा ठेवतात, अगदी तशीच. मी पर्समध्ये हात घातला, सुट्टे पैसे सापडले नाहीत, पन्नास पेसोंची नोट हाती लागली. ती टाकली. डोळे पुसले. शेजारच्या अनोळखी बाईनं माझ्या हातात कागदी रुमाल दिला. तीही रडत होती.

सगळ्यांत मोठा मुखवटा रुपेरी, 'एल सान्तो'चा. सान्तो म्हणजे संत. रोदोल्फो गुस्मान हुएर्ता, इदाल्गो राज्यातल्या तुलान्सिंगोत 1917 साली जन्मलेला. 1942 साली तो सान्तो या नावानं उतरला, आणि गंमत म्हणजे हा संत कितीतरी वर्षं रूदो होता. 1952 साली त्यानं ब्लॅक शॅडो नावाच्या मल्लाचा मुखवटा उतरवला, तेव्हा शॅडोचा जोडीदार ब्लू डेमन त्याचा कायमचा वैरी झाला आणि पुढच्या वर्षी त्यानं सान्तोला हरवलंही. सान्तोनं पन्नासावर सिनेमे केले आणि प्रत्येकात मुखवटा घालूनच राहिला. 1984च्या जानेवारीत एका टीव्ही कार्यक्रमात त्यानं मुखवटा थोडा वर करून चेहऱ्याचा काही भाग दाखवला. काही दिवसांत, 5 फेब्रुवारीला, तो गेला. त्याला मुखवट्यासकट पुरलं.

मुखवट्यामागचा माणूस कुणाला दिसत नाही, म्हणून तो कुणीही असू शकतो. या गोष्टीचा खरा जोर मला दुसऱ्याच एका माणसात दिसला. 19 सप्टेंबर 1985 रोजी मेक्सिको सिटीत भूकंप झाला. हजारो माणसं गेली. डोक्टोरेस वस्तीही हादरली. ज्यांची घरं पडली त्यांना घरं मिळेनात, आणि जी उभी होती त्यांतून मालक भाडेकरूंना हुसकावायला लागले. तेव्हा, 1987 साली, लाल-पिवळ्या कपड्यातला, मुखवटा घातलेला एक माणूस रस्त्यावर आला. नाव 'सुपरबारियो'. बारियो म्हणजे मोहल्ला. सामान बाहेर फेकलं जात असेल तिथे तो दारात उभा राहायचा, मोर्च्यात पुढे चालायचा, अधिकाऱ्यांसमोर मुखवटा घालूनच बोलणी करायला बसायचा. कागदावर सही करणाऱ्या माणसाला विकत घेता येतं, धमकावता येतं. मुखवट्याला कसं धमकावणार? रिंगमधली कला रस्त्यावर आली आणि लोकांची घरं वाचवू लागली. टेक्सासहून आलेल्या खेळाचं याहून पक्कं नागरिकत्व ते कोणतं?

आता तो मघाचा धागा, बायकांना मज्जाव असण्याचा. 1950च्या दशकात मेक्सिको सिटीत बायकांच्या कुस्तीवर बंदी आली. इर्मा गोन्सालेससारख्या नामांकित मल्लांना राजधानीबाहेर, लहान गावांत लढून पोट भरावं लागलं. ही बंदी उठली 1986 साली. तीसेक वर्षं. म्हणजे एका बाईची सगळी उमेदीची कारकीर्द. हे मला कळलं त्या शुक्रवारी बायकांचीच कुस्ती पहिली होती. वेणी आवळून बांधलेली एक ठेंगणी, रुंद खांद्यांची बाई दोरावर चढली, मागे न बघता उलटी झेपावली आणि समोरचीला घेऊन खाली आली. माझ्या मागच्या रांगेत सत्तरीची एक आजी उभी राहून मुठी हवेत मारत होती, तिच्या तोंडून जे शब्द येत होते ते मी इथे सांगणार नाही. मी पण उठले. माझ्या तोंडून मराठी निघालं. 'पट काढ, पट!' आजोबा ओसरीवर बसून रेडिओला ओरडायचे तसंच. तिला कळलं नसेल. तिनं पट काढला मात्र.

आज आपल्याकडे मुली मातीत उतरतात, मॅटवर उतरतात, त्यांच्या आया कडेला बसून ओरडतात. मला ते बघताना फार बरं वाटतं. माझ्या आजीला ते बघायला मिळालं नाही.

कुस्ती अकराच्या सुमारास संपते. बाहेर आल्यावर भूक पुन्हा लागलेली असते, ओरडून ओरडून लागतेच. आता शेवटचा थांबा, आणि हा सगळ्यात जुना. पुल्के, टाको, कुस्ती यांच्या कितीतरी आधीपासून जे आहे ते: मका.

रस्त्याच्या कडेला कोळशाची शेगडी, वर मोठं गोल कोमाल, म्हणजे आपला तवाच. पाठीमागे एक बाई बसलेली. तिच्याजवळच्या बादलीत निळ्या मक्याचा मळलेला गोळा. शाईच्या दगडासारखा निळा, आपल्याकडच्या कुठल्याच पिठाचा असा रंग नाही. हे पीठ कोरड्या मक्याचं दळलेलं नसतं. आदल्या रात्री मका चुन्याच्या पाण्यात शिजवून तसाच ठेवायचा, सकाळी चोळून धुवायचा म्हणजे सालपट सुटतं, आणि मग ओला वाटायचा. याला निश्तामाल म्हणतात, आणि ही पद्धत हजारो वर्षं जुनी आहे. चुन्यानं मक्यातलं एक जीवनसत्त्व, नायसिन, शरीराला मिळण्यासारखं होतं. युरोपियनांनी मका त्यांच्या देशांत नेला, चुना मात्र तिथेच सोडला. मग इटली, स्पेनमध्ये आणि पुढे अमेरिकेच्या दक्षिण भागात, जिथे गरिबांचं सगळं पोट मक्यावर होतं, तिथे पेलाग्रा नावाच्या रोगानं माणसं कातडी सोलवटून, भ्रमिष्ट होऊन मेली. धान्य नेलं, आणि ज्या बायका ते रोज शिजवत होत्या त्यांना विचारलं नाही. बाहेरची वस्तू आपलीशी करण्याची ही दुसरी बाजू आहे, आणि ती मी विसरू शकत नाही. घ्यायचं तर हातासकट घ्यावं लागतं.

ती बाई गोळा घ्यायची, मध्ये शिजवून वाटलेल्या घेवड्याचं सारण भरायची, आणि दोन्ही तळहातांमध्ये टाळ्या वाजवल्यासारखं थापत लांबट होडीसारखा आकार द्यायची. त्लाकोयो. तेल नाही, तूप नाही, सरळ कोमालवर. मी तिच्या हातांकडे बघत राहायचे. माझी आजी पुरण भरून असंच थापायची, आणि दर दोन थापांनंतर हात पाण्यात बुडवायची. ही बाईही बुडवायची. वर निवडुंगाच्या कोवळ्या पानांची भाजी, काटे काढून, बारीक चिरून, थोडी बुळबुळीत, आंबटसर. त्यावर चुरलेलं पांढरं चीज आणि दगडी खलातली हिरवी चटणी. शेजारी लाल अंबाडीच्या बोंडांचं गार सरबत. अंबाडी तिथे बाहेरून गेलेली, आणि तिथे ती इतकी रुळलीय की तिच्या सरबताविना जेवणाला पूर्णपणा येत नाही.

शेगडीभोवती मुखवटे घातलेली माणसं उभी असायची. लहान मुलं, बाप, एखादी आजी. खायचं म्हणून मुखवटा नाकापर्यंत वर सरकवलेला. चटणीचे ओघळ हनुवटीवर. रिंगमध्ये जे अपमानास्पद ठरलं असतं ते इथे भुकेपोटी सगळेच करत होते.

पहिल्या वेळी मी तिथे एकटीच परदेशी दिसत होते. माझ्या हातात हाच मुखवटा होता, नुकताच घेतलेला. बाईनं मान वर केली नाही, पिठावरचे हात थांबवले नाहीत. तिला दुकान सोडून आत जाऊन कुस्ती बघायला कधी मिळायचं कोण जाणे. तिनं एवढंच विचारलं: "कोण जिंकलं?"

मी सांगितलं, रूदो.

"हम्म," ती म्हणाली, आणि माझ्या त्लाकोयोवर चटणीचा आणखी एक चमचा टाकला.